सात फुटी भिंत, चौदा फुटी चित्र

पडदेवालीचं माप चुकलं असं कुणी म्हणालं असतं, तर तिच्या गिऱ्हाइकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं ती पडदे शिवत होती. दारातूनच खिडकीवर नजर टाकून इंच सांगायची, आणि टेप लावला की तेवढेच भरायचे.

मुलाने मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी बैठकीची सात फुटी भिंत पसंत केली. नेमकी तीच भिंत पडदेवालीने मनात राखून ठेवली होती. तिथे तिला कापडावर स्वतःच्या हाताने रंगवलेलं मोठं चित्र लावायचं होतं.

"दहा वर्षं ऐकतोय तुझं चित्र," मुलगा म्हणाला. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी दहा वाजता टीव्ही लावणारा येईल. त्याच्या आधी चित्राने भिंत भरली तर भिंत तुझी. नाहीतर टीव्हीची."

"सूनबाई, तू साक्षीला."

"मला नका ओढू हं, आई. मला दोघांबरोबर राहायचंय!"

दुसऱ्याच दिवशी तिने जाड सुती कापड फाडलं, धुऊन त्याची खळ काढली आणि कडक इस्त्री केली. दुकानातल्या कापायच्या टेबलावर एका वेळी दोन हात कापड मावायचं. बाकीचं दोन्हीकडे गुंडाळलेलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती रंगवायला बसायची. चित्र होतं खिडक्यांचं. जिथे जिथे तिचे पडदे लागले होते, त्या सगळ्या खिडक्या. डॉक्टरीणबाईंचे निळे पट्टे, शिक्षकांच्या घरची बारीक फुलं, दोन भावांनी भांडून घेतलेले अर्धे हिरवे, अर्धे पिवळे पडदे. तिला गिऱ्हाइकांची नावं आठवत नसत, पण कापड एकही विसरली नव्हती. शनिवारी तिने उलट बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्के केले.

रविवारी नऊ वाजता ती आणि सून स्टुलांवर चढल्या. गुंडाळी उलगडू लागली. डॉक्टरीणबाई आल्या, शिक्षक आले, भिंत संपली. गुंडाळी काही संपेना.

"आई, अजून किती आहे?"

पडदेवालीने गुंडाळीवर नजर टाकली. अजून सात फूट. पडद्याचं कापड खिडकीच्या दुप्पट घ्यायचं, चुण्यांसाठी. एकतीस वर्षांची सवय! मनात सात म्हणत हाताने चौदा फूट फाडलं होतं. जित्याची खोड, दुसरं काय!

मुलगा पोट धरून हसला. "भिंत भर म्हटलं होतं, उतू जाऊ दे म्हटलं नव्हतं! आता चुण्या घाल, नाहीतर अर्धं काप."

चुण्या घातल्या तर निम्म्या खिडक्या घड्यांत जाणार. तिने मोठी कात्री घेतली आणि कुठे कापायचं ते बघायला उरलेलं कापड जमिनीवर पसरलं. मुलगाही वाकून बघू लागला. अगदी टोकाला एक लहानशी खिडकी होती. तिला पडदा नव्हता. दोन खिळ्यांना बांधलेली, विटकी, बदकांची चादर होती.

"ही माझी चादर," मुलाचं हसणं थांबलं. "आपली जुनी खोली."

"गावभर पडदे शिवले. घरी तेवढे राहिले," ती म्हणाली आणि तिने कात्री मिटून ठेवली. "एकही खिडकी कापायची नाही."

दारावरची बेल वाजली. टीव्ही लावणारा आला होता, खांद्यावर पिशवी घेऊन.

"टीव्ही कुठे लावायचा, काकू?"

"टीव्हीचं मागाहून. ड्रिल आणलंयस ना? मग दोन भोकं या भिंतीत, दोन शेजारच्या. चित्र कोपऱ्यातून वळवायचंय."

माणसाने मुलाकडे पाहिलं. मुलगा तोवर टेपचं एक टोक धरून शेजारच्या भिंतीशी उभा होता. "ती सांगेल तिथे," तो म्हणाला.

"आणि टीव्ही?" सुनेने विचारलं.

"तुमच्या खोलीत, कपाटाशेजारी. नजरेनेच बघितलंय मी, बरोब्बर बसतो."

"अहो आई, या खेपेला टेप लावा!"

पडदेवालीने टेप लावला. दोन बोटं जागा उरली.