बाबा त्या ट्रकपाशी काहून थांबले

मित्रहो, गारपिटीचा इशारा होता, तरी आज बाबाले घेऊन घाटंजीहून यवतमाळले जुन्या ट्रकांचं प्रदर्शन पाहाले गेलतो. बाबा तरुणपणी ट्रक चालवत. पाठ दुखते म्हणून सोडलं, असं आम्हाले सांगत.

एका लांब नाकाच्या ट्रकपाशी ते थांबले. तेवढ्यात पाऊस कोसळला. सगळे मंडपाकडे पळाले. बाबा भिजत तिथंच उभे.

"बाबा, चला ना!"

"अशीच गाडी मागं घेताना माहा जोडीदार ड्रायव्हर चाकाखाली आला. गेला जागीच. गाडी मीच चालवत होतो."

"त्याच्या घरी कोण होतं?"

"बायको. पोटुशी होती. मी भेटाले गेलोच नाही."

भिजलेल्या बाबाले घेऊन घरी आलो. आता त्या बाईले शोधावं, की बाबाले जपावं? तुम्ही काय केलं असतं?