मोहफुलांत वाळवलेला फोटो

मोहर्लीतल्या माझ्या फोटोच्या दुकानामागे आज मोहफुलं वाळत घातली आहेत. तो जड, गोड वास आला आणि सुगंधाबाई आठवल्या.

तेव्हा मी झटपट फोटो निघणारा कॅमेरा नुकताच घेतला होता. शेजारच्या सुगंधाबाई मोहफुलं वेचून आल्या, तसा मी त्यांचा फोटो काढला. त्यांच्या आयुष्यातला पहिलाच. चित्र उमटेपर्यंत सावलीत धरा, हे सांगायचं विसरून मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर फोटो भर उन्हात, मोहफुलांच्या मधोमध.

"हे काय केलं बाई?"

"आतून वल्लं दिसलं ना भाऊ. न वाळवता ठेवलं तं सडत नाई का?"

चित्र तांबूस पडलं होतं, चेहरा अर्धा विरला होता. मी चिडूनच दुसरा काढतो म्हणालो. त्या फोटो पदराने पुसत म्हणाल्या, "राहू द्या. ह्याच उन्हात तं असतो आम्ही."

आता मी फोटो मुद्दाम उन्हात वाळवतो. नागपूरहून आलेले लोक तो रंग बघून विचारतात, हे सुचलं कसं? मी म्हणतो, प्रयोग करत राहिलो. सुगंधाबाईंचं नाव अजून एकदाही माझ्या तोंडून निघालेलं नाही.