मामांचं स्विस

घड्याळ वेळ बघण्यासाठी असतं ही समजूत ज्यांनी पूर्णपणे निकालात काढली आहे, असे एकच गृहस्थ मला माहीत आहेत आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. दिवसातून असंख्य वेळा ते मनगटाकडे बघतात, मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघतात. आणि मान वर होताच कुणी 'मामा, किती वाजले?' असं विचारलं, तर त्यांना पुन्हा बघावं लागतं. पहिल्या वेळी त्यांनी काटे कसे घासून चकचकीत केलेत ते बघितलेलं असतं. डोंबिवली पूर्वेला त्यांचं घर आहे. रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. बाकी सर्व बाबतींत हा माणूस काटकसरी. चप्पल तीनदा शिवून घेतील, छत्रीची काडी तुटली तर काडीच बदलतील, आंबे घेताना पेटीवाल्याला घाम फोडतील. पण जगातली सगळी उधळपट्टी एका घड्याळापुरती माफ असावी, असं त्यांचं मत आहे आणि ते त्यांनी कधीच लपवलेलं नाही.

माणसं त्यांच्या लक्षात राहतात ती चेहऱ्याने नव्हे, मनगटाने. लग्नाचा अल्बम समोर ठेवला तर नवरानवरीवरून त्यांची नजर सरळ खाली घसरते. 'नवरीच्या काकांना ओळखलंत ना?' असं मामींनी विचारल्यावर, 'चौकोनी डायल, चॉकलेटी पट्टा. ओळखलं की. पट्टा बदलायला झालाय त्यांचा,' असं उत्तर मी स्वतः ऐकलेलं आहे. एकदा टीव्हीवर एका पुढाऱ्याची मुलाखत चालू होती. मामा खुर्चीवरून उठले, पडद्याला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, 'हा माणूस खोटं बोलतोय.' मी वर्तमानपत्रातला माणूस. कशावरून, हे विचारणं भागच होतं. मामा म्हणाले, 'स्विसची नक्कल घातलीय. सेकंदाचा काटा टुणटुण उड्या मारतोय, बघा. खऱ्याचा काटा उड्या मारत नाही, वाहतो.' पुढाऱ्याने काय आश्वासन दिलं, हे त्या घरात कुणालाच कळलं नाही.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका मॉलमध्ये परदेशी घड्याळांचं दुकान आहे. नोकरीत असताना मामा महिन्यातून एकदा तिथे जात. त्यासाठी कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट वेगळा ठेवलेला होता. आपण काही घेणार नाही, हे ते आत शिरताच सांगून टाकत, त्यामुळे दुकानदाराची फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. हळूहळू तिथले विक्रेते त्यांना कॉफी देऊ लागले, आणि एखादं गिऱ्हाईक किमतीवर अडून बसलं तर 'काका, तुम्हीच सांगा जरा,' असं म्हणू लागले. मामा सांगत. इतकं सांगत की गिऱ्हाईक घड्याळ घेऊन तरी जाई किंवा पळून तरी जाई.

हे सांगणं काय असे, ते मी अनेकदा ऐकलं आहे. दोन्ही बाजू मांडायच्या पत्रकारितेतल्या सवयीने मी विरुद्ध बाजूही मांडून पाहिली. रस्त्यावर मिळणारं, सेलवर चालणारं घड्याळ या महागड्या स्विसपेक्षा अचूक चालतं. स्विस दिवसाला काही सेकंद पुढेमागे होतं. काही वर्षांनी ते खोलून साफ करावं लागतं आणि त्या खर्चात साधी घड्याळं घरभर वाटता येतील. यातलं काहीही मामांना अमान्य नव्हतं. ते म्हणाले, 'पत्रकार, अचूक वेळ हवी असेल तर प्लॅटफॉर्मच्या इंडिकेटरखाली उभे राहा, फुकट आहे. इथे डाळीएवढाली चाकं एकमेकांना ढकलतायत. सेल नाही, वीज नाही. कुणी तरी एका माणसाने भिंग लावून ती बसवलीयत. त्या माणसाच्या नजरेची किंमत आहे ती.' स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, 'मोबाइलमध्ये दिसते की वेळ!' मामा म्हणाले, 'मोबाइल वेळ दाखवतो गं. घड्याळ वेळ तयार करतं.' त्यावर मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'मग जेवायची तयार झालीय. पानं घ्या.'

निवृत्त झाल्यावर मामांनी ते घेतलं. एकच. किंमत गुलदस्त्यात राहिली. मामींना सांगितलेली किंमत आणि मला सांगितलेली किंमत यांत एका फ्रिजचा फरक होता, आणि खरी तिसरीच होती, असा आम्हा दोघांचाही अंदाज आहे. घड्याळ ऑटोमॅटिक, म्हणजे हातावर असताना हाताच्या हालचालीने त्याला आपोआप चावी बसते, आणि काढून ठेवलं की दोनेक दिवसांत ते बंद पडतं. इथे अडचण सुरू झाली. बाहेर घालायचं तर चोर, घाम, रिक्षाचे दांडे आणि डोंबिवलीची धूळ. म्हणून मामा भाजीला जाताना प्लास्टिकचं घड्याळ घालत आणि घरी येऊन, हातपाय धुऊन स्विस चढवत. पण निवृत्त माणसाचा हात घरात हलणार किती? ते हात झुलवत बैठकीच्या खोलीत फेऱ्या घालू लागले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मामींकडे हळूच चौकशी केली, 'खांद्याचं दुखणं का हो?' बाजूची खुंटी फिरवून चावी देता येते, हे मी सुचवून पाहिलं. मामा दुखावले. 'ते म्हणजे धडधाकट माणसाला सलाइन लावणं झालं. हातावर चाललं पाहिजे.'

शेवटी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या डोक्याने तोड काढली. घरात सर्वांत जास्त हात कुणाचा हलतो? मामींचा, पोळ्या करताना. तेव्हापासून रोज सकाळी कणीक मळण्याआधी मामींच्या बांगड्या वर सरकवून ते घड्याळ त्यांच्या मनगटावर चढे, पट्टा सैल होतो म्हणून खाली रुमालाची घडी, आणि पीठ जाऊ नये म्हणून वरून पातळ प्लास्टिक. मामा दारात उभे. 'अगं, मनगट जरा फिरव की.' 'पोळी फिरतेय तेवढी पुरे.' 'उद्या पुरणपोळ्या कर ना, त्याला जोर जास्त लागतो.' 'आणि परवा मुसळ आणा, मिरच्या कांडते!' असा संवाद चाले. पण पोळ्या संपल्या की मामी घड्याळ काढून, पदराने पुसून परत देत, हेही नमूद केलं पाहिजे.

असं सगळं सुरळीत चालू असताना त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, दातांचा डॉक्टर. बोलणी करायला मंडळी आली, त्या बैठकीला मी होतो. मुलाच्या वडिलांनी सुरुवातीलाच सांगितलं, 'आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी द्या.' तिथेच विषय संपला होता. पण मुलाचे एक काका पोहे खाता खाता म्हणाले, 'जावयाला द्यायचंच असेल तर घड्याळ वगैरे द्या साधंसं. कोण घालतं आजकाल?' मामांच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला मी पाहिला. घड्याळाला कुणी 'वगैरे' म्हणालेलं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते ताठ बसले आणि म्हणाले, 'जावयाला स्विस घड्याळ देणार. शब्द आहे माझा.' चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मामी दारातच थांबल्या.

पाहुणे गेल्यावर मामींनी विचारलं, 'अहो, एकच आहे ना तुमच्याकडे?'

'दुसरं घेऊ.'

'कशातून?'

मामांनी थोडा विचार केला. 'मी स्विस म्हणालो. कुठलं ते कुठे म्हणालो?'

'मग करा फोन आणि सांगा, हातातलं नाही देत, स्विसमधलंच हलकं बघतो म्हणून.'

मामांनी फोन केला नाही. एक आशा मात्र उरली होती. जावयालाच घड्याळाची आवड नसेल तर त्याने स्वतः होऊन नको म्हणावं. शब्दही राहील आणि घड्याळही. पण त्याच वेळी, आपल्या मुलीने घड्याळाची कदर नसलेला माणूस निवडला असेल हेही त्यांना सहन होत नव्हतं. काय ते एकदा कळावं म्हणून दाढेचं निमित्त काढून ते कल्याणला जावयाच्या दवाखान्यात निघाले. सोबत मी. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच स्विस घराबाहेर घातलं होतं, बाही खाली ओढून, बटण लावून.

दाढ उत्तम आहे, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि किडलेली निघाली. 'काका, आज आलात ते बरं झालं. लगेच करून टाकू. दुखलं तर डावा हात वर करा.' तोंडात कापूस, नळी आणि यंत्र गेल्यावर डॉक्टर निवांतपणे बोलू लागले. 'काका, ते घड्याळाचं मनावर घेऊ नका हं. आमच्या काकांना बोलायची सवयच आहे. मला कामात हातात काही घालता येत नाही, सारखे हात धुवायचे. आणि खरं सांगू? एवढी किंमत मला तरी पटत नाही. आ मोठा करा. वेळ शेवटी तीच दाखवणार ना?' मामांनी आवेगाने डावा हात वर केला. बाही घसरली, स्विस लखलखलं. डॉक्टर म्हणाले, 'दुखतंय का? थांबा,' आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने, 'लोक कर्ज काढून घेतात हो घड्याळं, कमाल आहे,' असं म्हटल्यावर हात पुन्हा वर. पुन्हा इंजेक्शन. मुलाखतीची ही पद्धत मी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. बाहेर पडलो तेव्हा मामांचा अर्धा चेहरा कानापर्यंत बधिर झाला होता. रिक्षात बसल्यावर ते तोंडाच्या एका बाजूने म्हणाले, 'पोरगा प्रामाणिक आहे. तेच वाईट.'

लग्नापर्यंत त्यांनी घड्याळाचा विषय काढला नाही. काय देणार, हे मामींनाही ठाऊक नव्हतं. डोंबिवलीच्या हॉलमध्ये सीमांतपूजनाला जावई पाटावर बसला. मामांनी पाय धुतले, गंध लावलं, कपडे दिले आणि मग लाल पेटी पुढे केली. जावयाने ती उघडली, घड्याळ हातात घेतलं आणि थबकला. नवं घड्याळ पेटीतून गार निघतं. हे कोमट होतं, चालू होतं आणि वेळ बरोबर दाखवत होतं. त्याने मामांच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. पट्ट्याचा वळ अजून ताजा होता.

'काका, हे तुमचंच आहे ना?'

'आता तुमचं,' मामा म्हणाले. 'खोलीतून इथे येईपर्यंत घातलं होतं. बंद पडलेलं देऊ नये.'

जावयाने मामींकडे पाहिलं. त्यांनी 'घ्या' अशा अर्थी मान हलवली. नाही म्हणायची हीच वेळ होती, आणि मामांच्या चेहऱ्यावर तो काय म्हणतो याची धास्तीही होती. दोन्हींपैकी कुठल्या उत्तराची, ते मला सांगता येणार नाही. जावयाने घड्याळ हातावर चढवलं. उलटं. सहाचा आकडा वर. मामांचा हात आपोआप पुढे गेला, त्यांनी ते काढून सुलट बांधलं आणि बक्कल अडकवताना मनगट थोडं जास्त वेळ धरून ठेवलं. मागे सनई वाजवणारा थांबला होता, त्याला गुरुजींनी खूण केली.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलगी आणि जावई आलेले होते. बसता बसता जावई म्हणाला, 'बाबा, बंद पडलंय हो. मला काही जमत नाही, तुम्हीच लावून द्या.' मामांनी चष्मा बदलला, घड्याळ खिडकीपाशी नेलं, कानाशी धरलं, आडवं धरून हलकेच हलवलं. आत काही तरी फिरल्याचा बारीक आवाज आला असावा, कारण ते हसले. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. हळू आवाजात म्हणाली, 'भाऊजी, घरी स्वतः लावतो तो. छान लावतो. इथे यायचं ठरलं की दोन दिवस आधी काढून ठेवतो.'

मामांना हे ठाऊक आहे का, हे मी विचारलं नाही. वेळ लावून झाली होती, तरी घड्याळ अजून त्यांच्या तळव्यावर होतं. काटा वाहत होता. जावई मोकळ्या हाताने चहा पीत बसला होता आणि त्याला कुठलीही घाई नव्हती.