साळूबाईच्या रुमालातला पाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. परीक्षेच्या हॉलमध्ये कुणाचा हात कुठल्या खिशात जातो, ते बघायची डोळ्यांना लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यात आमच्या चर्चनं मला पंच केलं आणि सभासदांचं रजिस्टर माझ्या ताब्यात दिलं. मग काय विचारता!

साळूबाई मूळची हरसूलकडची. लहानपणी मुलींच्या बोर्डिंगात आली, जेमतेम शिकली आणि पुढं तिथंच तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. आता साठी उलटली, चर्चच्या मागच्या खोलीत एकटी राहते. उपासनेनंतरचा चहा तिच्या हातचा. येशूच्या आठवणीत दर महिन्याला होणाऱ्या प्रभुभोजनासाठी पावाचे पेराएवढे तुकडे करते तीही तीच. बोलणं मात्र मोजकं. न बोलणारी माणसं काहीतरी दडवतात, असा माझा पक्का समज.

आधी खटकली ती तिची पिशवी. बायकांच्या बाजूला, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर ती बसते आणि शेजारच्या जागेवर कापडी पिशवी ठेवते. नाताळला लोक दारात उभे होते, तरी पिशवी जागची हलली नाही. मी म्हटलं, “साळूबाई, पिशवीचा बाप्तिस्मा झालाय का?” ती नुसती हसली. मला तिचा रागच आला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. सगळे मेजासमोर गुडघे टेकून पाव घेत होते. साळूबाईनं द्राक्षरस घेतला, पण पाव तोंडात गेलाच नाही. तो गेला मुठीतल्या रुमालात. पाव तिथंच खायचा, हा आमच्याकडचा नियम. फेब्रुवारीत तेच. मार्चमध्ये मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि नीट बघून घेतलं.

कुठं नेत असेल? कुणाच्या दुखण्यावर उतारा म्हणून तर देत नसेल? की त्या नव्या प्रार्थनावाल्यांना नेऊन देते? आमची चार-पाच घरं त्यांनी आधीच ओढली होती. मी दुसरे पंच सावळीराम यांच्या कानावर घातलं. त्यांनी आगीत तेलच ओतलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी बैठक ठरली. साळूबाईला वर्षभर मेजापासून, म्हणजे प्रभुभोजनापासून, बंद ठेवायचं, हे जवळपास पक्कं झालं. ही शिक्षा साधी नाही. सगळे उठून पुढं जातात, तुम्ही बाकावर बसून राहता आणि अख्खं चर्च तुमच्याकडे बघतं. जिचं सगळं आयुष्य या आवारात गेलं, तिला हे मरणापेक्षा वाईट. ते मला कळत होतं. तरीही पुरावा हवाच होता.

त्याच रविवारी दुपारी, प्रभुभोजन आटोपल्यावर, ती सातपूरच्या बसमध्ये चढली. मी मागच्या दारानं चढलो, तोंडापुढं पेपर धरून. सातपूरला एका इमारतीचे तीन जिने ती धापा टाकत चढली. लिफ्ट नव्हती. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मी बाहेरून डोकावलो.

खाटेवर चिमणाबाई होती. आमच्याच चर्चची, एकेकाळी साळूबाईशेजारी बसणारी चिमणाबाई! साळूबाईनं रुमाल सोडला, तुकडा मोडून अर्धा तिच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. मग दोघींनी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हटली. चिमणाबाईचा एखादा शब्द अडला की साळूबाई थांबायची.

तीन वर्षांपूर्वी चिमणाबाई यायची थांबली, तेव्हा ती त्या प्रार्थनावाल्यांत गेली असं मीच ठरवलं आणि रजिस्टरात तिच्या नावावर लाल रेघ मारली. घरी जाऊन विचारलं नव्हतं. इथं तर बाई खुब्याचं हाड मोडून लेकीकडे पडून होती.

साळूबाईनं मला दारात पाहिलं. तिची नजर माझ्या ओळखीची होती. कॉपी करणाऱ्या पोराकडे मी तसाच बघायचो.

“मला सांगायचं ना,” मी पुटपुटलो.

“दोनदा सांगाय आले, मास्तर. तिचं नाव काढलं की तुम्ही उठून जायचा. पाळकसाहेब नवे, ते यादी बघून घरं फिरतात. यादीत ही नाय.”

लाजेनं माझी मान खाली गेली.

“कोण, मास्तर? या, बसा,” चिमणाबाई म्हणाली. “माझ्या जागेवर आता कोण बसतं हो? खिडकीपाशी?”

मला ती पिशवी आठवली. “कुणी नाही,” मी म्हणालो. “साळूबाई बसू देत नाही.”

संध्याकाळी बैठकीत मी रजिस्टर उघडलं आणि लाल रेघेखाली चिमणाबाईचं नाव पुन्हा लिहिलं. सावळीरामांनी भुवया वर केल्या. त्यांना आता माझाच संशय येत होता.

“हे काय? आपण साळूबाईसाठी बसलोय. आणि या चिमणाबाईकडे तीन वर्षांत चर्चमधून कुणी गेलंय का?”

“चर्च दर महिन्याला जात होतं,” मी म्हणालो. “आपण तेवढे गेलो नव्हतो.”

दाराशी साळूबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आत यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.