महाराजांची दोन घरं

यिन शौदे आमच्या परराज्य दप्तरात एकतीस वर्षं होते. उत्तरेच्या दरबारी सहा वेळा वकील म्हणून गेले आणि सहाही वेळा लढाई टाळून परत आले. हाच त्यांचा गुन्हा. तिथलं उकडलेलं मटण निमूट गिळून तहाचं पत्र आणणाऱ्याला कोण सोडतं?

सदुसष्टाव्या वर्षी दक्षिणेतल्या गावाहून थोरल्या भावाचं पत्र आलं, शेजाऱ्याकडून लिहवलेलं. ‘माझ्या डोळ्यांत उजेड आहे तोवर तोंड दाखवून जा. नंतर आवाजावरून ओळखावं, तर तो आता कुणाला आठवतोय?’

साहेबांनी निवृत्तीचा अर्ज केला. पहिले दोन अर्ज नामंजूर करायचे आणि तिसरा मंजूर, असा रिवाज. तिसराही परत आला. शेरा होता : ‘इतकं सुरेख लिहिणारा थकलेला असणं शक्य नाही.’

“आता वाईट लिहितो,” ते मला म्हणाले.

“जमेल तुम्हाला?”

“कष्ट घेईन.”

आमच्या ओळी वरून खाली उतरतात, एका अक्षराला एक घर. महाराजांचा उल्लेख आला की ओळ तिथेच तोडायची आणि तो शब्द नव्या ओळीत, इतरांच्या दोन घरं वर चढवायचा. साहेबांनी चौथ्या अर्जात महाराजांना ‘पाठदुखी’च्या खाली, त्याच ओळीत बसवलं. एवढ्या चुकीवर माणूस घरी बसतो. त्यांना तेच हवं होतं.

नवव्या दिवशी हुकूम आला. अर्जातल्या अदबीचं कौतुक होतं आणि सातव्यांदा उत्तरेला जायचं होतं.

साहेबांनी म्याओला बोलावलं. बावीस वर्षं त्यांच्या कागदांच्या सुवाच्य प्रती करणारा हा कारकून.

“म्याओ, तू दुरुस्त केलंस?”

“मग काय तर! महाराज पाठदुखीखाली? साहेब, मी होतो म्हणून वाचलात.”

“हो रे बाबा,” साहेब म्हणाले. “तू होतास म्हणून.”

त्यांनी गुडघे चोळले आणि भावाला दोन ओळी लिहिल्या. ‘आणखी एक वर्ष लागेल. उजेड जरा पुरवून वापर.’ कागद वाळत ठेवला तेव्हा म्याओने मान वाकवून पाहिलं. ‘दादा’ हा शब्द नव्या ओळीत होता, दोन घरं वर.

म्याओचा हात कुंचल्याकडे गेला. मग त्याने तो बाहीत ओढून घेतला.