ऑर्डरीवरचं नाव

हॅलोताईला पुण्याशी बोलायला फोन कशाला लागतो, असं आमचे शेठ म्हणायचे. आवाजच तसा होता. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आमचा नटबोल्टचा कारखाना. मी तिथे बिलं टाइप करायला होते आणि ती फोनवर ऑर्डरी घ्यायला. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

ती जवळच्याच राई गावची. फोनवर 'आहे', 'नाही' अगदी शुद्ध. फोन ठेवला की 'हाय', 'न्हाय'. फक्त एकाच बाईशी ती फोनवरही घरचं बोलायची. पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीत, खरेदीखात्यात सरला कदम होती. रोज सकाळी सरला ऑर्डर सांगायची, ही ती परत वाचून दाखवायची आणि मग ठरलेला प्रश्न, "आज डब्यात काय हाय गो?" तिकडून पडवळ आलं, की ही दिवसभर आम्हाला पडवळाचे गुण ऐकवायची.

दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. सरलानं तर समुद्रही पाहिला नव्हता. "थंडीत ये, उत्तनला नेते," ही दरवर्षी सांगायची. "सुकत्या बोंबलांच्या वासानं पळालीस तर परत बोलवणार न्हाय." आणि दर थंडीत काहीतरी आडवं यायचं.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा पुण्याच्या कंपनीनं फर्मान काढलं, की आता फोनवर ऑर्डर नाही. त्यांचा कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेतून आमच्या कॉम्प्युटरला थेट ऑर्डर पाठवणार, आपण पोचपावतीही तशीच द्यायची. "ताई, अब फोन का झंझट खतम," असं म्हणत शेठनी बाहेरगावच्या फोनला कुलूपच घातलं. ताई मात्र कॉम्प्युटर माझ्या आधी शिकली.

पोचपावतीत शेऱ्यासाठी थोडी मोकळी जागा होती. पहिल्याच आठवड्यात तिनं तिथे इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'आज डब्यात काय'. पुण्याच्या कॉम्प्युटरला डबा कळेना. त्यानं अख्खी पोचपावतीच परत धाडली. फोन वाजला तशी ती धावली. पलीकडे कुणी साहेब होते. ते झापत होते आणि ही "हो सर, परत नाही होणार सर" म्हणत होती, अगदी शुद्ध मराठीत. फोन ठेवून मला म्हणाली, "माल मागंपुढं झाला तरी चालंल गो, आवाज पोचला पायजे. ह्याच्यात आवाजाला जागाच न्हाय."

एक आधार मात्र उरला होता. प्रत्येक ऑर्डरीवर पाठवणाऱ्याचं नाव यायचं. सरलाला पत्र तरी लिही म्हटलं, तर म्हणायची, "कशाला? रोज नाव येतंय ना, म्हंजे बरी हाय."

त्या थंडीत पुण्याहून माल तपासायला एक तरुण आला. निघताना ताईनं त्याच्या हातात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी ठेवली. "सरलाला द्या."

तो गोंधळला. "कदम मॅडम? त्या गणपतीतच गेल्या हो. कावीळ झाली होती. आमच्या कॉम्प्युटरवर नाव बदलायचं राहिलंय."

"मग तुम्ही खा," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली, वर सरलाचंच नाव. पुण्याला सांगून नाव काढायला लावू का, असं मी विचारलं. "नको गो," ती म्हणाली. "राहू दे. कुणाला काय त्रास हाय त्याचा?" मग रोज पोचपावती पाठवण्याआधी ती पडद्याकडे बघून हळूच विचारायची, आज डब्यात काय हाय. एवढ्या आवाजाची बाई, पण शेजारी बसलेल्या मलाच काय ते ऐकू यायचं. मी बिलं टाइप करत राहायचे.

होळीच्या सुमाराला एका सकाळी ऑर्डर आली. तेच बोल्ट, तेच नट. नाव कुणा दुसऱ्याचं. तिनं ती शेवटपर्यंत नीट वाचली, पोचपावती पाठवली. मग तोंडाला पदर लावून अशी रडली, की यंत्रं बंद करून माणसं आत आली. काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते. मी तिला धरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"आज गेली गो माझी सरला."