पाऊण कॉइलची शेगडी

मी धुळ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर, हे इतक्या वर्गांना सांगून झालंय की आता झोपेतही सांगेन. घरच्या माणसासाठी हे गणित मांडायची वेळ मात्र एकदाच आली, तीही पारोळ्याला, माहेरच्या स्वयंपाकघरात.

आई गेल्यावर वडील तिथे एकटेच राहत. त्यांना आम्ही नाना म्हणतो. सगळी उमर बाजार समितीत मापाडी म्हणून कापूस मोजण्यात गेली. मधे एका मोठ्या तापात त्यांचं नाक गेलं, म्हणजे कसलाच वास येईना. गॅस गळला तर कळणार कसं, म्हणून आम्ही सिलेंडर काढला आणि विजेची कॉइलची शेगडी आणून दिली. त्यावर ते आपला वरणभात करत, आणि दिवसातून कितीदा तरी चहा.

त्या रविवारी एसटीतून उतरून घरात पाऊल टाकलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. शेगडीचा प्लग तपकिरी पडलेला, सॉकेटची कड वितळलेली, आणि नाना तिथेच खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसलेले. माझं डोकंच फिरलं. बटण बंद करून मी सुनावलं की झालं तेवढं पुरे, आता कपडे भरा आणि धुळ्याला चला. हे मी आधीही म्हटलं होतं आणि दर वेळी त्यांनी ते कानाआड केलं होतं. पण शेगडीच गेली तर त्यांना स्वतःचं काही रांधता येणार नव्हतं, आणि मग तिथे राहण्याचा प्रश्नच मिटत होता. हे त्यांनाही कळत होतं. म्हणून ते म्हणाले, बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक आहे. उलट नवी होती तेव्हापेक्षा शेगडी आता जोरात चालते, चहा कसा झटक्यात होतो.

नानांना तोंडी काही पटत नाही. काट्यावर चढल्याशिवाय त्यांनी कधी काही मान्य केलेलं नाही. म्हटलं, ठीक आहे, चढवू काट्यावर. गल्लीतल्या वायरमनला बोलावून सॉकेट आणि प्लग बदलून घेतले आणि त्याचा मीटर थोड्या वेळापुरता ठेवून घेतला. शेगडी लावली. व्होल्टेज दोनशे वीस. मीटरचा चिमटा एका वायरीभोवती अडकवला तर करंट अकरा अँपिअर. पाठ्यपुस्तकाबाहेर इतके सरळ आकडे मला कधी मिळाले नव्हते.

पेपरच्याच कडेला मी भागाकार केला. रेझिस्टन्स वीस ओहम. गुणाकार केला, दोन हजार चारशे वीस वॅट. शेगडीच्या बुडाला मात्र दोनशे तीस व्होल्टला दोन हजार वॅट असं छापलेलं होतं. म्हणजे नवी असताना रेझिस्टन्स साडेसव्वीसच्या आसपास असणार. मी नानांना समजावलं की कॉइल आखूड झाली की रेझिस्टन्स कमी होतो, करंट जास्त जातो, म्हणून शेगडी जोरात तापते आणि प्लग जळतो. ते मन लावून ऐकत होते.

कॉइल तुटते, माणसं दोन टोकं पिळून जोडतात, त्यात बोटभर जाते. हे घरोघर चालतं. किती वेळा तुटली, असं मी विचारलं. एकदाच, म्हणाले. मी पुन्हा आकड्यांकडे पाहिलं. साडेसव्वीसचे वीस झाले, म्हणजे कॉइलचा पाव भाग गायब होता.

"पाव कॉइल गेली कुठं, नाना?"

जन्मभर लोकांच्या मापातली तूट पकडलेला माणूस, आता खाली बघायला लागला. मग सांगितलं. पहिल्यांदा जोडल्यावर चहा लवकर झाला. ते आवडलं, म्हणून पुढे ते स्वतःच पकडीने तोडत गेले आणि उरलेली ताणून खाचेत बसवत गेले. माझा पारा चढला. चहा पिऊन तुम्हाला कुठली एसटी पकडायची असते, असं मी विचारलं.

"तुनी माय व्हती तवय पानी कवय उकळनं, समजेच ना," नाना म्हणाले. "आते तितला येळ घर खावाले उठस."

माझा राग तिथेच संपला. फार वाईट वाटलं. आई या ओट्यापाशी उभी राहून गल्लीतल्या कुणाकुणाचं सांगत असायची आणि नाना नुसते हं हं करत. मी चहाचं आधण ठेवलं. ते लगेच खळखळलं. दोघांचे कप भरले. धुळ्याचं नाव मी काढलं नाही, काढवेना. कप हातात घेऊन नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुना घर चहा करतांना बाजूले कोनी ऱ्हास का?"

कोणी नसतं, मी म्हटलं. मुलगा पुण्याला, हे ड्युटीवर, मी एकटीच असते.

नानांनी कप खाली ठेवला आणि उठून आतल्या खोलीत कपडे भरायची पिशवी शोधायला गेले.